बोटभर सैल करदोडा

दुपारी जेवून आतल्या खोलीत, पहिल्या वेचणीच्या कापसावर आडवा झालो होतो. त्या ढिगावर डोळा लागला की आपण कुठं आहोत तेच कळत नाही... अंगाखाली ऊब, डोळ्यांसमोर पांढरं पांढरं, आणि बायकोची हाक फार लांबून आल्यासारखी. "उठा हो. रंजनाताई गेल्या. सकाळी झोपेतून उठल्याच नाईत." मी उठून बसलो आणि हात आपोआप कमरेच्या करदोड्याकडे गेला. का, ते सांगायला हवं.

मोताळ्यात माझं कृषी केंद्र आणि डॉक्टर रंजनाताईंचा दवाखाना यांत एकच भिंत. ताई जवळच्याच खेड्यातल्या, तिथल्या बौद्धवाड्यातून शिकून डॉक्टर झालेल्या. शहरात राहता आलं असतं, पण परत आल्या आणि आमचं डोकं खात बसल्या. बीटी कापूस नवा होता तेव्हा बियाण्याच्या पाकिटांसाठी माझ्या दुकानासमोर रांग लागायची. पुढं बोंडअळी परतली, भाव पडले, आणि तेच लोक नुसते बाकावर येऊन बसू लागले. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र पुढं. त्यांच्यासोबत बसून बसून माझंही तसंच झालं. आमच्याकडे पोट सुटलं की माणूस खात्यापित्या घरचा समजतात, त्यामुळं मी खुशीत होतो. ताई एकदा दारातूनच म्हणाल्या, "दिनकरभाऊ, ढेरीवर हात फिरवू नका. हे सुखाचं पोट नाई."

तपासलं तर साखर वाढलेली निघाली. माझ्या थोरल्या भावाचा पाय साखरेपायी कापावा लागला होता. त्या दिवशी मी दुकानात आलो आणि कितीतरी वेळ स्वतःच्या पावलांकडे बघत बसलो. फार भ्यालो होतो. संध्याकाळी ताई घरी आल्या. खोलीत भाव वाढायची वाट बघत कापूस छतापर्यंत दाबून भरलेला, आणि आम्ही सगळे अंग खाजवतोय. त्या हसल्याच. "थोडा कापूस असला तं त्याच्यावर पोरं झोपतेत, ऊब लागते. असा कोंबला तं घरभर खाज. चरबीचं बी तसंच हाय." मग त्यांनी सांगितलं की चरबी नुसती साठून पडलेली नसते, तिच्यातूनच अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं एक संप्रेरक रक्तात येतं. ते शरीरातला आतला दाह निववतं, इन्सुलिनचं काम सोपं करतं. पोटात चरबी कोंबली गेली की नेमकं तेच कमी होतं, आणि माणूस दिसायला धडधाकट असला तरी आतून धुमसत राहतो. हे एकच कारण नाही, चिंता, झोप, बसणं सगळंच त्यात येतं, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, "मंग त्याचीच तपासणी करा नं." त्या म्हणाल्या, "ते इथं कुठं होते? तुमच्या कमरेले करदोडा हाय नं, तोच पाहू."

करदोडा म्हणजे पुरुषाच्या कमरेचा काळा दोरा. तो रुतायला लागला की आम्ही सरळ लांब दोरा घेऊन नवा बांधतो, हीच आमची चूक. बाईमाणसासमोर सदरा वर करून टेप लावून घ्यायला पुरुष लाजायचे, म्हणून ताईंनी ही युक्ती काढली. दोरा वाढवायचा नाही, नवा जुन्यावरच मापायचा, आणि पोट व दोरा यांच्यात बोट गेलं पाहिजे. मला त्यांनी चालायला लावलं, दुकानात बसून खायची भजी बंद केली, गोळ्या चुकू दिल्या नाहीत. रोज सकाळी कुलूप काढता काढता पलीकडून मोठ्यानं विचारायच्या, "बोट जाते काय?" भर रस्त्यात! गिऱ्हाइकं हसायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ओरडायचो, "नखच जाते!" शेवटी ज्या दिवशी बोट गेलं, त्या दिवशी त्यांनी साऱ्या दवाखान्याला पेढे वाटले आणि मला मात्र एकही दिला नाही.

दुसऱ्यांची पोटं मोजणाऱ्या त्या बाईचं स्वतःचं हृदय असं न सांगता थांबावं, याचा मला अजून राग येतो. कोणावर, ते कळत नाही... अजूनही कापसावर आडवा झालो की भिंतीपलीकडून त्यांची खुर्ची सरकल्यासारखी वाटते. आमच्या घरातून ते ऐकू येणं शक्य नाही, दुकान पार गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तरी मी ऐकत राहतो.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमच्याकडे नवा करदोडा बांधतात. यंदाही बायकोनं जुन्यावर मापूनच कापला. मी सवयीनं बोट घातलं, ते गेलं. शेजारचंही घातलं, तेही गेलं. असा आनंद झाला की ओल्या केसांनीच सदरा चढवला आणि फटाक्यांच्या धुरातून तडक दवाखान्याकडे निघालो. तिथं पोहोचल्यावर कुलूप दिसलं. पायरीवर कोणीतरी पणती लावून गेलं होतं. मी पणतीशेजारी बसलो, बंद दाराला म्हणालो, "ताई, दोन जातेत." आणि उत्तर येईल म्हणून थोडा वेळ थांबलो.