दर नोव्हेंबरचा जिवंत माणूस

आपण जिवंत असल्याचे इतके पुरावे जमवून ठेवलेला माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात आमच्या हिच्या मामांशिवाय दुसरा सापडायचा नाही. मामा कोपरला राहतात. पालिकेशी संलग्न असलेल्या एका वाचनालयात त्यांनी अख्खी नोकरी काढली. पेन्शन मात्र फक्त पालिकेच्या कर्मचाऱ्यांना, संलग्नवाल्यांना नाही. तो शब्द त्यांना असा काही लागला की पुढे ते तो जगाला वाटत सुटले. लग्नानंतर मी पाया पडलो, तर म्हणाले, "भाचेजावई म्हणजे आमचे संलग्न जावई. मान पूर्ण, आहेर ऐच्छिक." आणि आहेर मात्र सढळ हाताने केला.

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी पालिकेत हयातीचा दाखला देतात. पेन्शन नसताना मामाही द्यायचे. कडक इस्त्रीचा सदरा, अत्तराचा फाया आणि दाखल्याच्या दोन प्रती. मी एकदा म्हटलं, "मामा, मागितलाय कोणी?" "उद्या पेन्शन लागू झाली आणि मागचे दाखले मागितले तर? तेव्हा मी जिवंत होतो हे तेव्हाच सांगायला हवं ना, जावईबापू?" खिडकीवरच्या मॅडम आधी हसल्या, मग वैतागल्या आणि पुढे निमूट शिक्का मारून चहा मागवू लागल्या. एकदा तापामुळे मामांना आठवडाभर उशीर झाला, तर त्या ओरडल्याच, "काका, कुठे गेलेलात? टेन्शन आलेलं मला!"

गेल्या वर्षी खरंच आदेश निघाला आणि संलग्न संस्थांनाही पेन्शन लागू झाली. मामांनी तो मामींना दोनदा वाचून दाखवला, मग जिन्यात भेटेल त्याला. कचेरीला दाखला एकच हवा होता. मामांनी अख्खा गठ्ठा ठेवला. मॅडमनी तो शेवटपर्यंत चाळला आणि म्हणाल्या, "सगळे आहेत, काका. एकही वर्ष तुम्ही मेला नाहीत."

यंदा दाखला मोबाईलवरच झाला. मामांनी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावले आणि फोनला पटलं. "एवढंच?" मामांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी सदरा चढवून ते निघाले, मी सोबत. खिडकीवर एक नवीन साहेब होते.

"मॅडम रिटायर झाल्या, काका."

"हो, पण बऱ्या आहेत ना?"

साहेबांनी हसत फोन लावून दिला. "आहे हो काका, मस्त आहे!" पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. मामांनी फोन परत केला, खिशातली दाखल्याची प्रत तशीच राहू दिली आणि म्हणाले, "चला. दोघांचंही काम झालं."