दोन बोटं खाली

कौशल्या जगदाळे हलली म्हणून तिला छर्रा लागला, असं आमच्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. मी इंदुमती, त्यांच्या समोरच्याच फ्लॅटमधली. त्या दिवशी मी चार हातांच्या अंतरावर उभी राहून कोशिंबीर वाढत होते आणि मी डोळ्यांनी पाहिलं होतं की ती तसूभरही हलली नव्हती. पण माझं कोण ऐकतं! बाई बाईचीच बाजू घेणार, असं म्हणून मोकळे झाले सगळे.

ही कौशल्या मूळची कऱ्हाडची. मॅट्रिकनंतर टायपिंग शिकली, परीक्षा दिली आणि एकटी दिल्लीला येऊन सरकारी ऑफिसात लागली. लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर तिच्या नावावर होतं, गुलाबरावांच्या नव्हे. गुलाबराव लग्न करून त्या क्वार्टरमध्ये राहायला आले आणि पहिल्या दिवसापासून घरमालक झाले. त्यांच्या नोकऱ्या येत होत्या, जात होत्या. हिचा टाइपरायटर तेवढा चालू. महत्त्वाचा कागद असला की ऑफिसात म्हणायचे, "कौशल्याजी को दो," कारण तिनं काढलेलं पान पुन्हा तपासावं लागत नसे. मला एकदा म्हणाली होती, "इंदुताई, माझी ही दहा बोटं आहेत ना, हेच माझं माहेर."

मग ते नव्वदीनंतरचे दिवस आले. परदेशी कंपन्या आल्या, गुलाबराव एअरकंडिशनर विकायला लागले आणि बघता बघता माणसाचे पाय जमिनीला लागेनात. यमुनेपलीकडे आमच्या सोसायटीत नवा फ्लॅट झाला, दारात पांढरी गाडी आली, दिवाणखान्यात दारूचं कपाट आलं. आणि एक छऱ्याची बंदूक आली. कॉलेजात असताना नेमबाजीत म्हणे कधीतरी कप मिळाला होता. त्या कपाची कहाणी ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

रविवारी दुपारी साहेबलोकांना जेवायला बोलवायचं आणि जेवणाआधी खेळ करायचा. कौशल्यानं भिंतीपाशी उभं राहून उजवा हात बाजूला लांब करायचा, पत्त्यातला बदामाचा एक्का खालच्या कडेला चिमटीत धरायचा, आणि गुलाबरावांनी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून एक्क्याला भोक पाडायचं. "वाह भाभीजी, क्या जिगर है!" म्हणत पाहुणे टाळ्या पिटायचे. जिगर कसला, कपाळ माझं! ती भीतीनं पांढरीफटक पडलेली असायची. मी म्हटलं, "अगं, नाही म्हण की एकदा." तर म्हणाली, "नाही म्हटलं तर आठवडाभर बोलत नाहीत. आणि बोलायला लागले की वाटतं, गप्प होते तेच बरं होतं."

तोवर निदान नेम तरी लागत होता. मग गुलाबरावांच्या साहनीसाहेबांनी जर्मनीहून बंदुकीवर लावायची दुर्बीण आणून दिली. ती नळीवर बसवायला कड्या लागतात. बुटक्या कड्या लावल्या तर दुर्बीण नळीला लागून बसते, पण बघायला गाल लाकडावर टेकून मान वाकवावी लागते. उंच कड्या लावल्या तर मान ताठ ठेवून बघता येतं. "मान वाकवणं आपल्या रक्तात नाही," असं म्हणून गुलाबराव उंचातल्या उंच कड्या लावून आले. दुर्बीण नळीपासून चांगली दोन-अडीच बोटं वर. गच्चीवर गेले, पार त्या टोकाच्या पाण्याच्या टाकीवर डबा ठेवला आणि तेवढ्या अंतराला नेम जुळवला. डबा दर खेपेला उडायचा. स्वारी खूश होऊन खाली आली.

पुढच्याच रविवारी खेळ मांडला. दुर्बिणीतली फुली एक्क्यावर, मान ताठ. फट्ट झालं. पत्ता खाली पडला तो अखंड, आणि तिच्या तर्जनीच्या मुळातून रक्ताची धार लागली. मी पदर गुंडाळत होते तिच्या हाताला, तेवढ्यात गुलाबरावांचे पहिले शब्द कानावर आले, "हललीस कशाला?"

हाड फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण ते बोट पुन्हा वाकलं नाही आणि अंगठ्यातली ताकद गेली ती गेलीच. ऑफिसनं तिला डिस्पॅचमध्ये बसवलं, पाकिटांवर शिक्के मारायला. तिथं दुसरी एकही टायपिस्ट नव्हती, ही शिपायांत बसायची. घरी मात्र त्याचा विनोद झाला. ती चहाचा ट्रे घेऊन आली की गुलाबराव पाहुण्यांना सांगायचे, "सांभाळा, आमची हलते!" आणि पाहुणे हसायचे. "मी हलले नव्हते," असं ती दर वेळी म्हणायची. दर वेळी! आधी मोठ्यानं म्हणायची, मग हळू, मग नुसतं ट्रेकडे बघून. शेवटी शेवटी मलाच विचारायला लागली, "इंदुताई, खरं सांगा हं, मी हलले होते का हो?" स्वतःच्या हाताचा भरवसा घालवला होता त्या मेल्यानं तिचा.

वर्ष गेलं. साहनीसाहेब दोन नवे साहेब घेऊन जेवायला आले. गुलाबरावांनी बंदूक काढली, किस्सा रंगवला, आणि "चुकते ती बंदूक नाही, चुकतो तो माणूस" हे नेहमीचं पालुपद झालं. कौशल्या श्रीखंडाचं पातेलं ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आज मी मारते. तुम्ही धरा."

मग साहनीसाहेब ओरडले, "बिल्कुल! आज भाभीजी!" आता नाही कसं म्हणणार? इतकी वर्षं जिगर जिगर करत होते ना! हसत हसत उठले गुलाबराव. त्यांना वाटलं, हिला बंदूक मधे दुमडून छर्रा भरायला येणारच नाही. तिनं दर रविवारी बघितलं होतं तशी बंदूक गुडघ्यावर दुमडली, छर्रा भरला, नळी खुर्चीच्या पाठीवर टेकवली आणि मान ताठ ठेवून दुर्बिणीला डोळा लावला.

गुलाबरावांनी एक्का धरला. पण कसा धरला, तर वरच्या कडेला. चिमटी वर, पत्ता खाली लोंबतोय.

"वरून का धरलात?" कौशल्यानं विचारलं. "मी खालून धरला होता."

"कसाही धरला तर काय फरक पडतो?"

"मग खालून धरा."

सगळे बघत होते. गुलाबरावांनी चिमटी खाली नेली आणि पत्ता थरथरायला लागला. कपाळावर घाम. कौशल्याचं मधलं बोट चापावर गेलं मात्र, माणूस किंचाळला, "वर! नेम दोन बोटं वर धर! दुर्बीण उंच आहे, एवढ्या जवळून छर्रा खाली लागतो!"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मारून बघितलंय मी भिंतीवर! तू दवाखान्यात होतीस तेव्हाच!"

म्हणजे ही बाई ऑपरेशनच्या टेबलावर हात फाडून घेत पडली होती, आणि हा गृहस्थ घरी भिंतीला भोकं पाडून स्वतःची चूक मोजत होता. आणि मग वर्षभर "आमची हलते" म्हणत होता! माझं डोकं सणकलं. हातातली वाटी फेकून मारावीशी वाटली.

"म्हणजे मी हलले नव्हते," कौशल्या म्हणाली.

"नव्हतीस गं बाई, नव्हतीस! ठेव ती खाली!"

तिनं ठेवली नाही. "आता हलू नका," एवढंच म्हणाली, नेम दोन बोटं वर नेला आणि चाप ओढला. बदामाच्या मधोमध भोक पडलं. गुलाबराव भिंतीला घासत खाली बसले.

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. "जगदाळे यार, भाभीजीने तो तेरी हवा निकाल दी!" साहनीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. तिच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जे कबूल झालं ते त्यांच्या कानावरून गेलं, आणि दहा मिनिटांत सगळे श्रीखंड-पुरीवर तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी खाली आलो, तर गुलाबराव गाडीपाशी सोसायटीच्या अध्यक्षांना सांगत होते, "बीवी को मैंने ही सिखाया. साल भर मेहनत की. अशा हातानं नेम मारणं सोपं आहे का?" अध्यक्ष हात जोडून कौशल्याला म्हणाले, "भाभीजी, ऐसा गुरू नसीबवालों को मिलता है."

ती थांबली. मला वाटलं, आता बोलेल. बोल गं, बोल, मी मनात म्हणत होते. गुलाबरावांनी गाडीचं दार उघडलं. "चल, उशीर होतोय तुला," म्हणाले. आणि ती आत जाऊन बसली.