निळा प्रकाश

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करणारे ते गृहस्थ रोज खडकीहून सायकलवर येत. पिंजरा साफ करताना उंदराला ते कधी शेपटीने उचलत नसत. तळहात आत ठेवून तो आपणहून वर चढेपर्यंत थांबत. मी घाई केली, की कोरडेपणाने विचारत, "मॅडम, त्याला ऑफिस गाठायचंय का?"

त्या सकाळी एका उंदराच्या मेंदूत केसाएवढी काचेची तार बसवलेली होती. तिच्यातून निळा प्रकाश सोडला, की हालचाल घडवणाऱ्या पेशींचा एक गट जागा होणार होता. ते शेजारीच उभे होते. मी रिमोटचं बटण दाबलं.

निवांत दाणा खात बसलेला उंदीर दाणा टाकून डावीकडे गोल गोल फिरू लागला. प्रकाश बंद केला, तो थांबला. पुन्हा लावला, पुन्हा फिरला. हे मी कितीदा तरी वाचलं होतं, तरीही माझ्या अंगावर काटा आला.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतक्या वर्षांत एकाही यंत्राला बोट न लावलेल्या त्या माणसाने पुढे होऊन माझ्या हातातला रिमोट काढून घेतला.

"त्याला वाटत असेल का हो, की आपणच फिरतोय?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"आणि तरी दाबलंत?"

रिमोट खिशात घालून ते पाण्याच्या बाटल्या बदलायला निघून गेले. प्रयोग अर्धाच झाला होता, पण दिवसभर रिमोट परत मागायचं धाडस मला झालं नाही.