देवीच्या तसबिरीमागची पुरचुंडी

हे गेल्यापासून मी माहूरच्या रेणुकेशी अबोला धरला होता. देव्हाऱ्यात दिवा नाही, आरती नाही. एवढी वर्षं हात जोडले आणि तिनं भादव्यात, भरदुपारी, धडधाकट माणूस उचलून नेला. तिच्याशी काय बोलायचं?

मागं उरला तो ह्यांचा ट्रक. रायपूरजवळच्या सिलतऱ्याहून लोखंड भरून ते नागपूरला न्यायचे. त्यांच्यानंतर माझे दीर चालवू लागले. पण थंडी पडली आणि गाडी बिघडली. टेंपरेचरचा काटा वर चढेचना, पांढरा धूर येई, डिझेल तर नुसतं पिऊन टाकी. गॅरेजवाल्यानं इंजिन संपलं म्हणून सांगितलं. भावजींनी भंगारवाला ठरवला. स्टिअरिंगवर ह्यांनी स्वतः गुंडाळलेली सुतळी अजून तशीच होती. जीव तुटत होता, तरी मी हो म्हटलं. नाही म्हणून गाडी थोडीच सुधारणार होती?

गाडी सिलतऱ्यालाच उभी होती. ती द्यायच्या दिवशी सकाळी मी रायपूरच्या घरून तिथं गेले, ते कॅबिनमधली रेणुकेची तसबीर काढून आणायला. रुसले असले तरी तिला भंगारात कशी जाऊ देणार? तसबिरीमागं माझ्याच जुन्या साडीच्या चिंधीत बांधलेली एक जड पुरचुंडी निघाली. देवीचा टाक असेल असं समजून मी ती न उघडताच पदराला बांधली.

भावजींनी गाडी सुरू केली. धूर पाहून शेजारच्या ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर खाली उतरला. काट्यावर त्यानं विश्वास ठेवला नाही. रेडिएटरकडं जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. इंजिन तापेपर्यंत हा पाइप गार राहायला हवा, असं त्यानं भावजींना समजावलं. इथं तो पहिल्यापासूनच कोमट होत होता, म्हणजे पाणी इंजिनात न थांबता सरळ रेडिएटरमध्ये जाऊन निवत होतं. मग तो माझ्याकडं वळला.

"दीदी, इंजन मरा नहीं है. इसको गरम होने का मौका ही नहीं मिल रहा."

पाणी अडवून धरणारा वॉल उन्हाळ्यात काढला होता का, असं त्यानं विचारलं. इकडच्या उन्हात गाडी तापू नये म्हणून पुष्कळजण काढतात. भावजींनी इंजिन बंद करून त्या पाइपच्या तोंडाशी असलेलं वॉलचं झाकण खोललं. आतली जागा रिकामी होती.

"दादानंच काढला असन," ते म्हणाले. "मले सांगायचं राहून गेलं त्याचं."

कसा दिसतो, मी विचारलं. छोट्या वाटीएवढा, मध्ये स्प्रिंग, भावजींनी सांगितलं. मी पदराची गाठ सोडली. चिंधीत टाक नव्हता, तो वॉलच होता.

चांगला आहे का ते पाहायला म्हाताऱ्यानं तो चहाच्या टपरीवर उकळत्या पाण्यात सोडला. घट्ट मिटलेली चकती हळूहळू उघडली. थंडीत परत बसवायचा म्हणून ह्यांनी तो देवीच्या हवाली केला होता, आणि बसवायला तेच राहिले नाहीत. ह्यांना नेलं त्या दिवशीही माझ्या डोळ्यांना पाणी आलं नव्हतं. त्या टपरीसमोर मात्र मी हमसून हमसून रडले.

वॉल बसला. मी चहा घेऊन आले तोवर म्हातारा निघून गेला होता. त्याचा माल भरून झाला असेल, असं भावजी म्हणतात. असेलही, मी वाद घालत नाही.

काटा चढत चढत मध्यावर येऊन थांबला. भंगारवाल्याला आम्ही परत पाठवलं आणि तसबीर मी पुन्हा तिच्या जागी लावली.

देवीनं ह्यांना काहून नेलं, ते मला अजून कळलेलं नाही. विचारणं मात्र सोडलं आहे. त्या संध्याकाळी देव्हाऱ्यात दिवा लावला आणि म्हटलं, आई, त्यांनी तुझ्याजवळ ठेवलेलं तू सांभाळलंस. आता तेही तुझ्याचजवळ आहेत.