एका गुणाचा हॉर्न

वरीमू गावात त्यांच्याकडच्या फुटबॉलमध्ये गोल झाला की मैदानाभोवती उभ्या गाड्या हॉर्न वाजवतात. चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला तर सहा गुण आणि हॉर्न, बाजूने निसटला तर एक गुण आणि चिडीचूप. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आयलीन मात्र शहरातून आलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी सामन्यात नवऱ्याची, मर्व नोस्केची, किक बाजूने गेली आणि हिने गाडीत बसून हॉर्न दाबून धरला. अख्खं मैदान खो खो हसलं.

"अरे नोस्के, बायकोला नियम तरी शिकव!"

मर्वने शिकवले नाहीत. तीही हट्टाला पेटली आणि त्याच्या प्रत्येक हुकलेल्या किकला हॉर्न देऊ लागली. मर्व हुकायचाही पुष्कळ.

गहू पेरावा आणि शनिवारी खेळावं, एवढंच त्याचं आयुष्य. गुडघा गेला तेव्हा गावाने त्याला प्रशिक्षक केलं, तेही फुकट. मग तो पोरांवर खेकसायचा आणि त्यांची किक हुकली की आयलीन हॉर्न द्यायची. ती वारल्यावरही त्याने गाडी तिच्या नेहमीच्या निलगिरीच्या झाडाखाली, मैदानाकडे तोंड करून लावली. आत कोणी नसे. आठवडाभर तो कुत्र्याशी बोलायचा. शनिवार होता म्हणून तो माणसांत होता.

आता गावात खेळायला पोरंच उरली नाहीत. पुढल्या वर्षी संघ शेजारच्या बोरंगात विलीन होणार होता, आणि बोरंगाला त्यांचा प्रशिक्षक होता. आज वरीमूचा शेवटचा सामना.

कॅन्टीनवाल्या ग्लेनिसने त्याच्या हातात गरम मटण पॅटिस ठेवलं. "बोरंगाला बघायला येशील ना रे?"

"गाडी कुठे लावू?"

"जागेला काय तोटा आहे तिथे?"

"जागा असेल गं. माझी नसेल."

ग्लेनिसने उगाच टेबल पुसलं.

शेवटच्या मिनिटाला वरीमू तीन गुणांनी मागे होतं. एक गोल झाला असता तर निदान जिंकून तरी संपलं असतं. संघातल्या डॅनीने जीव तोडून किक मारली. चेंडू खांबाच्या बाजूने गेला, एक गुण मिळाला आणि सामना संपल्याचा भोंगा झाला. डॅनी गुडघ्यांवर बसून राहिला. गाड्या गप्प होत्या.

पोरं मर्वकडे बघत होती, आता हा खेकसणार म्हणून. तो मात्र लंगडत निलगिरीपाशी गेला, आयलीन बसायची त्या सीटवर बसला आणि त्याने हॉर्न दाबून धरला.

कितीतरी वेळ तो वाजत राहिला. सगळ्या गावाने माना खाली घातल्या होत्या.

कोणी हसलं नाही. कोणीतरी हसायला हवं होतं, असं मर्वला फार वाटलं.