लिंबूटिंबूला कुणी शोधत नाही

गोजर आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवते, पोरांना घरोघरून गोळा करून आणते, दुपारी परत पोहोचवते. तिच्या अंगणवाडीत एक वेगळाच नियम आहे. खेळात कुणालाही लिंबूटिंबू करायचं नाही. पोर तीन वर्षांचं असलं तरी त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं. त्यामुळे कधी कधी एवढंसं पोर डोळे झाकून भिंतीशी उभं असतं, पुढे काय करायचं ते त्याला आठवत नसतं आणि बाकीची पोरं लपून लपून कंटाळलेली असतात. मुरबाडहून तपासणीला आलेल्या एक बाई हे पाहून खूप हसल्या होत्या. गोजर हसली नाही.

हा नियम कुठून आला ते वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या सुनांनाही कुणीतरी सांगतंच. मी ते क्रमाने लिहून ठेवतो आहे, कारण त्याचा शेवटचा भाग मोठ्या माणसांपैकी फक्त मी पाहिला.

आमची वाडी वैशाखऱ्याच्या अलीकडे, घाटाच्या रस्त्यापासून आत आहे. भात कापून झालं की भारे खळ्यावर येतात आणि त्यांच्या उडव्या रचतात. उडवी माणसाहून उंच असते, दोन उडव्यांमध्ये एक पोर जेमतेम शिरेल एवढी फट राहते. लपाछपीला याच्यापेक्षा चांगली जागा वर्षभरात मिळत नाही. एक्क्याण्णव सालच्या पौषात गोजर अकरा-बारा वर्षांची होती आणि तिचा भाऊ रघू पाच वर्षांचा. आईबाप, म्हणजे रखमी आणि बारकू, दिवसभर झोडणीला जात. रघू गोजरच्या गळ्यात. ती जाईल तिथे तो.

पोरांनी त्याला अर्थातच लिंबूटिंबू केलं होतं. त्याने सगळ्यांबरोबर लपायचं, पळायचं, पण राज्य असलेल्याने त्याला शोधायचं नाही. समोर दिसला तरी न दिसल्यासारखं पुढे जायचं. यात सगळ्यांचीच सोय असते. लहानग्यावर राज्य येत नाही, तो रडत नाही, खेळ अडत नाही. फक्त त्याला हे कळू द्यायचं नसतं. रघूला कळलं नव्हतं. त्याला वाटे, आपण फार हुशारीने लपतो. घरी जाऊन आईला सांगे, "मला कुनी पकडीतच नाय."

त्या संध्याकाळी राज्य गोदूवर होतं. गोदू म्हणजे शेजारची पोरगी. तिने एकेकाला हुडकून काढलं, सगळे आऊट झाले, गुरं परतली आणि पोरं घरोघर गेली. गोजरला वाटलं, रघू कंटाळून आधीच गेला असेल. तसा तो जात असे. घरी रखमीने चुलीपुढून मान वर करून विचारलं, रघू कुठाय.

आम्ही सगळ्या उडव्या उसकल्या. विहिरीत गळ टाकले. टेंभे घेऊन ओढ्याने वर रानात गेलो, दुसऱ्या दिवशी पलीकडच्या ठाकरवाडीची माणसं मदतीला आली. बिबट्याने नेला म्हणावं तर रक्त नाही, कापडाचा तुकडा नाही. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही विचारून झालं. मुरबाडहून आलेल्या पोलीस जमादाराने पोरांना ओळीने उभं करून एकच गोष्ट विचारली, की रघू कुठे लपला होता आणि त्याला शेवटचं कुणी पाहिलं. एकाही पोराला सांगता आलं नाही. ती खोटं बोलत नव्हती. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं. पाहायचं नसतं, हाच तर नियम.

रखमी गोजरला रागे भरली नाही. एकदाच म्हणाली, "तू तरी बघायचं व्हतंस गो." पुढे रखमी होती तोवर हा विषय त्या घरात निघाला नाही.

गोजर मोठी झाली. वाशिंदचं स्थळ आलं, मुलगा कारखान्यात कायम होता. तिने नकार दिला. मी शेजारी आणि वडिलांच्या जागी, म्हणून बारकूने मला समजावायला बोलावलं. मी तिला नोकरी, पगार, पक्कं घर असं सगळं नीट मांडून सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, रघू आला तर त्याला घर कोन दाखवील? आपलं दार पन आता दुसऱ्या बाजूला केलंय." वाशिंदला नकार कळवावा लागला. शेवटी वाडीतच, चार घरं सोडून तिचं लग्न झालं. काही वर्षांनी अंगणवाडी सुरू झाली आणि ती तिथे लागली.

त्यानंतरची गोष्ट दोन हजार सहाच्या सुमाराची. माझ्या खळ्यावर उडव्या उभ्या होत्या. ऊन उतरलं होतं. वाडीतली प्रज्वल, वैष्णवी आणि माझ्या पुतण्याची मुलगी मनस्वी ही पोरं राज्य कुणावर ते ठरवायला उंबराखाली हात पालथे-उताणे टाकून चकत होती. गोजर त्यांना घरी पिटाळायला आली होती. तेवढ्यात मनस्वी मान बाजूला करून, जिथे कुणी नव्हतं तिकडे बघून म्हणाली, "तू हात नको टाकू. तू लिंबूटिंबू."

गोजरने तिला विचारलं, कुणाला म्हणतेस.

"तो, बाई. उडवीमागचा. आमी त्याला खेळायला घेतो, पन शोधीत नाय."

"का शोधीत नाय?"

"लिंबूटिंबूला कुठं शोधतात? त्याला पन तेच आवडतं. म्हनतो, मला कुनी पकडीतच नाय."

मी प्रज्वलला जवळ बोलावून विचारलं. तो म्हणाला, मला नाय दिसत, मनस्वी म्हनते म्हनून आमी त्याची जागा सोडतो. वैष्णवी म्हणाली, तिने एकदा पाठ पाहिली होती. पोरं घरात ऐकलेलं खेळात आणतात, हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगतो. रघूचं ते वाक्य वाडीत पुष्कळांना माहीत होतं.

गोजरने पदर खोचला आणि म्हणाली, आज मला घ्या. पोरं खिदळली. प्रज्वल म्हणाला, बाई, तुमी पळाल का धापा टाकाल. तिने हात टाकला. प्रत्येक वेळी तिचाच हात वेगळा पडून ती सुटत होती. शेवटी म्हणाली, राहू द्या ते, राज्य माझ्यावर.

ती उंबराला कपाळ लावून उभी राहिली आणि आकडे म्हणू लागली. पोरं पांगली. मग तिने डोळे उघडले आणि शोधायला निघाली. प्रज्वलचा पाय पेंढ्यातून बाहेर आला होता, मला खळ्याच्या टोकावरून दिसत होता. ती त्याच्या शेजारून गेली, थांबली नाही. वैष्णवीची वेणी दिसत होती, तिच्याकडेही तिने पाहिलं नाही. दोन उडव्यांमधल्या फटीपाशी ती गेली. ही फट मी सकाळीच पाहिली होती, तिच्यात काही नव्हतं. गोजर वाकली. बराच वेळ वाकूनच होती. मग घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "रघू आऊट. पयला आऊट."

पोरं आपणहून बाहेर आली. पहिल्या आऊट झालेल्यावर पुढचं राज्य, हे त्यांना सांगावं लागत नाही. मनस्वी हळूच म्हणाली, "म्हंजे आता त्याच्यावर राज्य. आमी लपायचं?" कुणी हललं नाही. इतका वेळ ज्याला ती खेळायला घेत होती, तो आता त्यांना शोधणार होता. वैष्णवी रडायला लागली. गोजरने तिघांनाही घरी जायला सांगितलं. म्हणाली, मी एकटी पुरे हाय. पोरं मागे न बघता पळाली.

मलाही जावंसं वाटलं. पण तिला एकटी टाकून जाणं बरं दिसेना.

गोजर लपली नाही. खळ्याच्या मधोमध, चारी बाजूंनी दिसेल अशी, उंबराकडे पाठ करून मातीत बसली. मी म्हटलं, अगं, चल आता, दिवे लागायची वेळ झाली. ती म्हणाली, "थांबा काका. लांब लपले तर त्याला सापडायची नाय. ल्हान हाय तो." मग मान तिरकी करून ऐकत राहिली. मला पाखरांच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. एकदा ती स्वतःशीच हसली आणि पुटपुटली, "चार इसरला. नेहमी इसरतो."

वारा नव्हता. उडवीवरची एक काडी हलत नव्हती. तिचा पाठीवरचा पदर खालून कुणी मुठीत धरून ओढावा तसा ताणला गेला आणि तसाच राहिला. मी खळ्याच्या टोकाला होतो, उजेड पुरेसा होता. मी ते पाहिलं आणि ते नोंदवण्यापलीकडे मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

गोजर सावकाश उठली, पदराला हिसका बसणार नाही अशी. "सापडले रे बाबा," ती म्हणाली, "चल आता घरी." आणि बांधावरून चालू लागली.

पुढे काही दिवसांनी मी मनस्वीला सहज विचारलं, तो उडवीमागचा येतो का अजून. ती म्हणाली, "नाय आजोबा. तो आता बाईंकडं ऱ्हातो." आणि खेळायला निघून गेली.

गोजरचं काम पूर्वीसारखंच चाललं आहे. तब्येत चांगली आहे, बोलणं-चालणं सरळ आहे. सकाळी अंगणवाडीकडे जाताना ती शेतातल्या पायवाटेने समोरून येते. उजवा हात अंगापासून थोडा दूर, बोटं जरा मिटलेली, आणि पावलं तिच्या उंचीच्या बाईने टाकावीत त्याहून आखूड. वाट अरुंद आहे. एक माणूस समोरून आला तर खांदा वळवून निभतं. मी मात्र तिला पाहिलं की पूर्ण वाट सोडतो आणि शेतात उतरून उभा राहतो.