सुनंदाच्या तारा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? – तुम्ही सुनंदाला ओळखत नाही, म्हणून असेल.

वाशिमला आमच्या ऑफिसात मालिकांचे शॉट येतात. हिरवा पडदा काढायचा, मागे डोंगर नाहीतर समुद्र बसवायचा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाचा एक चौकोन – नोड – आणि नोडना जोडणाऱ्या तारा. एका शॉटमधले नोड कॉपी करून दुसऱ्यात पेस्ट केले की तारा सुटतात. हातानं जोडत बसावं लागतं. म्हणून मी स्क्रिप्ट – छोटासा प्रोग्राम – लिहिली. पेस्ट केलं की तारा आपोआप जागच्या जागी. सगळे खूश. मी तर हवेतच.

मग मेडशीहून एसटीनं येणाऱ्या सुनंदानं – नोकरीला वर्षही झालं नव्हतं – माझ्या स्क्रिप्टमधली चूक सर्वांदेखत दाखवली, दोन ओळींत दुरुस्तही केली. सर म्हणाले, आता हिलाच विचारत जा. एवढंच. एवढ्यावर कुणी असं करतं का? मी केलं.

फक्त तिच्या मशीनवर मी स्क्रिप्ट बदलली. दहा-पंधरा पेस्टमध्ये एखादी तार – कुठलीही – भलत्याच नोडला जाऊन चिकटे. नियम ठेवलाच नाही, सापडू नये म्हणून. तिनं स्क्रिप्ट उघडून पाहिली, तर दिसायची ती चांगली प्रत. चालायची ती लपवलेली. तिच्या शॉटमध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीत समुद्र येऊ लागला.

तिला बोलणी बसावीत, एवढाच हेतू होता – असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिच्या आईची स्मरणशक्ती ऐन पंचेचाळिशीत गेली होती. पोरीलाही ओळखेना. हे सुनंदानं डबा खाताना मलाच सांगितलं होतं – भावासारखा मानून. घाव कुठे बसेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"दादा, हे तार मीच जोडली असंन ना? मले काहीच आठवून नाही राह्यलं."

"तुयं ध्यानच नसते आजकाल," मी म्हणालो. आणि मग, हळूच – "तुया आईचं बी असंच सुरू झालं होतं काय?"

तिचा चेहरा पांढरा पडला. मला बरं वाटलं. हो – बरंच वाटलं.

पुढे ती पडद्यावर बोट ठेवून एकेक तार तपासायची, तळहातावर पेनानं लिहून ठेवायची. तीन महिन्यांत तिनं नोकरी सोडली. जाताना म्हणाली, "तुमी लय सांभाळून घेतलं मले." त्याच दुपारी मी तिच्या मशीनवर चांगली स्क्रिप्ट परत टाकली.

तिचं लग्न ठरलं होतं. तेही तिनंच मोडलं. मुलाकडच्यांना म्हणाली म्हणे, "माया डोक्याचा भरोसा नाही."

तिच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. हे माहीत असलेला जगात मी एकटाच आहे – आणि मी अजून तिला सांगितलेलं नाही.